काही नेम नाही

काउडर्सपोर्टच्या बाहेर, बंद पडलेल्या खडीच्या खाणीत
रायफल क्लबचं पत्र्याचं छप्पर आणि चार लाकडी बाकं.
नोव्हेंबर. हातमोज्याची दोन बोटं मी कात्रीनं उडवलीत.
नवा स्कोप, एकशे एकोणनव्वद डॉलर, पावती खिशात.
परत करायला तीस दिवस,
त्यातले अकरा मॅन्युअल वाचण्यात गेले.

पहिल्याच बाराला तो मला डसला.
डोळा अगदी काचेला नेऊन लावला होता,
सुईत दोरा ओवताना नेते तसा.
"साडेतीन इंच," अर्ल स्ट्रॉसर म्हणाला,
"त्याला मागे यायला जागा ठेव."
आणि खिशातून रुमाल दिला, धुतलेला, इस्त्रीचा.
उजव्या भुवईवर रक्ताची बारीक चंद्रकोर.
जन्मभर मी टिकली गोलच लावत आले.

मग टोपण काढून वरची चकती फिरवत बसले.
क्लिक. क्लिक. तिजोरी फोडणाऱ्याचा कान लावून.
एक क्लिक म्हणजे पाव इंच, असं छापलंय.
गोळी इंचभर खाली, म्हणून चार क्लिक वर.
गोळी जेमतेम सरकली.
पुन्हा चार. पुन्हा तेच.
छापलंय ते शंभर यार्डांचं, आणि मी पंचवीसवर,
हे अर्लनं कॉफी संपेपर्यंत सांगितलं नाही.
वडिलांनी पावकी पाठ करून घेतली होती.
पावाचा पाव कुणी शिकवला नव्हता.
चाराच्या जागी सोळा.

शंभरावर कागद नेला तर भोकं चहूकडे,
फोडणीतली मोहरी उडावी तशी.
मी प्रत्येकीच्या मागे: ही डावीकडे, उजवं फिरव,
ही वर गेली, खाली घे.
"एका भोकाचं ऐकू नकोस," अर्ल म्हणाला.
"तीन झाड. मग त्या तिघांना एकत्र विचार."
तिघांचं आपसात पटत नव्हतं.

स्कोप उतरवला. रिंगा सोडल्या, पुसल्या, पुन्हा बसवल्या,
स्क्रू समोरासमोरचे, थोडा हा थोडा तो,
आणि प्रत्येकाच्या माथ्यावरून नेलपॉलिशची एक रेघ:
हलला तर रेघ तुटेल.
वीस बार. एकही रेघ तुटली नाही.
भोकं मात्र तशीच.
"याचा काही नेम नाही," मी मराठीत म्हणाले,
खाणीच्या भिंतीला.
पावती खिशात आहे ना, चाचपून पाहिलं.

यावेळी काडतूस अर्लनं भरलं, माझ्याकडे पाठ करून.
मी गाल टेकवला, श्वास सोडला, चाप ओढला.
बार झालाच नाही.
नळीनं तरीही वाकून नमस्कार केला.
खांदा पुढे झेपावलेला, डोळे घट्ट मिटलेले,
आणि त्या शांततेत माझे मलाच ऐकू आले
आवळलेले दात.
काडतूस रिकामं होतं.
अर्ल हसला नाही. काचकारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस;
तडा कुठून सुरू होतो, ते त्याला दिसतं.

त्यानंतर दुपारभर तो भरत राहिला,
कधी खरं, कधी रिकामं, मला न सांगता.
आईचा सोमवारचा नेम आठवला:
एकवेळचं जेवण, आणि त्याबद्दल एक अक्षर नाही.
श्वास संपतो आणि दुसरा अजून आलेला नसतो
तिथं एक ओटा असतो, एका माणसापुरता.
चार वाजता तिथं जरा टेकता आलं.
तीन भोकं. दोन एकमेकींना चिकटलेली,
तिसरी बोटभर दूर.
ती माझी. स्कोपची नाही.

पावती शेगडीत टाकेन म्हणाले होते, टाकली नाही.
हरणांचा मोसम शनिवारी उघडतो, दवाखान्यात सगळे तेच बोलतात,
आणि मला विचारतात. मी भुवई दाखवते.

परतताना वळणावर एक हरणी उभी होती,
कान माझ्या गाडीकडे.
मी दिवे मंद केले.
मनात नसताना अंतर मोजलं गेलं:
साठ यार्ड, फार तर पासष्ट.
ती गेल्यावरही मी तिथंच थांबून होते,
श्वास सोडलेला,
पुढचा घ्यायचा राहिलेला.