तीन नंबर

शाळेच्या चढावर धाडकन आवाज झाला.
वेन्सेस्लाओला वाटलं, टायर गेला.
मागच्या सीटवरच्या बाईनं छातीवर क्रूस काढला
आणि मांडीवरची तोर्तियांची टोपली घट्ट धरली.
टायर नव्हता. तीन नंबरच्या सिलिंडरनं
प्लग थुंकला होता.
पत्र्यावर आपटून तो वायरीला लोंबत होता
आणि त्याच्या अंगावर, सापाच्या कातीसारखे,
ॲल्युमिनियमचे दोन वेढे.

कुआउतेपेकच्या टेकडीवर नव्या गाड्या
पहिल्याच वळणाला धापा टाकतात.
व्होचो चढतो, म्हाताऱ्या खेचरासारखा,
कुरकुरतो, पण चढतो.
दोरीनं ओढत आणला त्याला आमच्या फाटकात.
चार बोल्ट काढले, खाली जॅक लावला,
की अख्खं इंजिन मांडीवर येतं.

भोकात बोट घातलं. गुळगुळीत.
जिथे पायऱ्या हव्यात तिथे घसरगुंडी.
तळाशी एकच आटा उरलेला, तोही तिरका.
तिरका. म्हणजे उष्णता नव्हे, वय नव्हे.
म्हणजे कुणीतरी प्लग वाकडा टेकवला
आणि तो अडतोय हे न कळून
पान्याला जोर दिला.
ॲल्युमिनियम बिचारं ओरडतही नाही,
लोण्यासारखं वाट देतं.

वहीत शनिवारचं पान: वेन्सेस्लाओ, चार प्लग, तेल.
अक्षर बाबांचं, ओळ सोडून खाली उतरत गेलेलं.
साखरेच्या आजारानं त्यांच्या बोटांची टोकं
गेल्या वर्षापासून दुसऱ्या कुणाची झाली आहेत.
कप गरम आहे का, हे ते ओठांनी तपासतात.

"काय गं चायो, कशानं झालं?"
मी म्हटलं, "जुनं हेड. तीन नंबर तापतोच."
बाबा बाकावर संत्रं सोलत होते.
साल तुकड्यातुकड्यानं निघत होती.

टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, कीस चिकटून यावा म्हणून.
अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.
बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा ग्रीस.
घाई केली तर टॅप आत मोडतो,
मग हेड भंगारात
आणि वेन्सेस्लाओच्या मुलीची पंधराव्या वर्षाची मेजवानीही.
मग स्टीलची गुंडाळी,
पेनातल्या स्प्रिंगची थोरली बहीण,
नव्या आट्यांतून फिरवत आत नेली.
तिचं शेपूट चिमट्यानं मोडलं
आणि तुकडा आत पडला नाही ना, हे तीनदा पाहिलं.
तळहातावर होता. नखाच्या कोरीएवढा.

नवा प्लग उचलला तेव्हा बाबा उठले.
"शनिवारी मीच घातला होता," ते वेन्सेस्लाओला म्हणाले,
"पैसे द्यायचे नाहीत."
वेन्सेस्लाओनं टोपी काढली, पुन्हा घातली.
मला कुठे बघावं कळेना.

पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा कापला,
प्लगच्या डोक्यावर चढवला,
बाबांच्या हातात दिला.
प्लग सरळ असेल तर नळी त्याला फिरवते,
वाकडा गेला तर स्वतःच घसरते,
जोर लावूच देत नाही.
मी नऊ वर्षांची असताना त्यांनीच शिकवलेलं हे.
स्वतः कधी वापरली नाही. पोरांचं खेळणं, म्हणायचे.

दोनदा घसरली.
तिसऱ्यांदा धरली. एक फेरा, दोन, पाच.
बाबांचे डोळे मिटलेले.
त्यांच्या बोटांना त्यातलं काय कळत होतं
मी विचारलं नाही.
शेवटचा पाव फेरा पान्यानं मी दिला.

दिवेलागणीला व्होचो फाटकातून निघाला,
पावाच्या दुकानापाशी वळला, शाळेच्या चढाला लागला.
आवाज घरांमागून येत राहिला, बारीक होत होत.
मी साबणाचे हात तसेच धरून उभी.
बाबांच्या मुठीत अजून ती नळी.
कोपऱ्यावरच्या रेडिओचा त्यांना राग आला,
"बंद करा रे," ते ओरडले,
आणि आम्ही दोघं चढ संपेपर्यंत ऐकत राहिलो.