बोटभर माया

ऑगस्टचा शेवटचा शनिवार, हल बंदर,
हेसल रोडवरचं शाळेच्या कपड्यांचं एकुलतं दुकान.
रांग दाराबाहेर, पार पावाच्या दुकानापर्यंत.
माझी फिलिपा रांगेत उभी राहून मोजते आहे
बाहेर पडणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या.

आत गेल्यावर कळतं,
इथे मापं इंचांत नसतात, वर्षांत असतात.
सात-आठ. नऊ-दहा. अकरा-बारा.
फिलिपा नऊ वर्षांची आहे.
तिचे खांदे तेरा वर्षांचे आहेत,
पोट पंधराचं,
आणि हात मात्र, शपथेवर सांगतो, नऊचेच.
मोठ्या शर्टाच्या बाह्यांत बोटं सापडत नाहीत तिची.

पडद्याआडून आवाज येतो,
"डॅड, शर्टाला कसं कळतं मी किती वर्षांची ते?"

दुकानातली बाई वाईट नाही.
गळ्यात टेप आहे तिच्या, पण ती नजरेनेच मोजते,
आणि मोजून झाल्यावर नजर
चटकन दुसरीकडे ठेवून देते, घडी करून.
"आमच्याकडे हा शेवटचा. पुढचं मोठ्यांच्या विभागात बघा."
मोठ्यांच्या विभागात शाळेचा करडा पिनाफोर नसतो.
तिथे ऑफिसला जाणाऱ्या बायकांचे स्कर्ट असतात,
मागे चीर असलेले.
ते मी तिला दाखवलेसुद्धा नाहीत.

तरी शेवटचा तो घेतला. बंद होत नव्हता, तरी.
परत जाताना बसमध्ये ती खिडकीकडे बघत होती
आणि मी माझ्या गुडघ्यांकडे.

माझ्या वेळी आईने पँटच्या काजाला रबरबँड अडकवलं होतं.
वरून जर्सी. मे महिन्यातही जर्सी.
कुणी विचारलं तर म्हणायचं, थंडी वाजते.
सबंध शाळाभर मला थंडी वाजत होती.

समोरच्या घरात मिसेस स्टॅदर्स राहतात. वय एक्याऐंशी.
तरुणपणी ट्रॉलरांची जाळी विणायच्या,
अजून बोटं वाकलेलीच आहेत, सुई धरल्यासारखी.
"अर्धा आइसलँड मावेल एवढं जाळं विणलंय मी," म्हणाल्या,
"तू या पोरीचा झगा काय घेऊन बसलास?
अजून एक आण. जुना चालेल. दोनांचा एक करू."

शाळेच्या जुन्या कपड्यांच्या खोक्यातून दुसरा आणला.
त्यांनी नव्याची शिवण उसवली,
आतली कड दिव्याखाली धरली, चष्मा कपाळावर ढकलून.
"बघ. माया ठेवलेलीच नाही.
पूर्वी बोटभर तरी असायची आत दुमडून.
पोरं वाढतात, हे ठाऊक असायचं ना शिवणाऱ्याला."

मग टेप न घेता सुतळी घेतली.
छातीभोवती एक गाठ, पोटाभोवती एक, कमरेपाशी एक.
आकडा कुणीच उच्चारला नाही.
फिलिपाला गुदगुल्या झाल्या,
दुसऱ्या गाठीला ती हसली, तिसरीला तर वाकलीच,
"सरळ उभी राहा गं, मासळी," म्हातारी ओरडली,
आणि पुन्हा मोजावं लागलं.

जुन्याच्या दोन लांब पट्ट्या निघाल्या,
काखेपासून थेट खालच्या घेरापर्यंत.
जुना धुऊन धुऊन विटलेला, म्हणून करडा थोडा फिका.
हात खाली असले की दिसत नाही.
आणि प्रत्येक शिवणीच्या आत, दोन्ही बाजूंना,
बोटभर माया. वाकड्या बोटाची, म्हणजे जरा जास्तच.

मंगळवारी शाळा उघडली.
फाटकापाशी कुणीतरी तिला हाक मारली,
तिने दोन्ही हात वर केले, अगदी ताणून,
आणि दोन्हीकडचे फिके पट्टे
रस्त्यापलीकडूनही दिसावेत असे दिसले.

मी ओरडणार होतो, हात खाली घे म्हणून.
तोंड उघडलंही होतं.

ऊन फारसं नव्हतं, खाडीवरून वारा होता.
तिची जर्सी माझ्याच हातात राहिली होती.
तिने ती मागितली नाही.