एकमताने

जालना. स्टेशन रोडवरचा लॉज, दुसरा मजला, आम्ही नऊ जण.
विषय क्रमांक तीन : आंतरजिल्हा फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद.
मी चिटणीस, शांतवन साळवे, मिशन शाळेचा पीटी मास्तर.
इतिवृत्ताची वही मांडीवर,
आणि वहीत घडी घालून माझा पाहणी अहवाल.

खाली काउंटरवरच्या टीव्हीत
कुठल्याशा बर्फाच्या देशात सुटातली माणसं
पाकीट फोडत होती.
विश्वचषक कुठं होणार, ते त्या पाकिटात.
पाकिटातून वाळवंट निघालं.
चहा घेऊन आलेला पोरगा म्हणाला,
तिथं तर म्हणे दुपारी कुत्रं बी उभं राहत नाही.
अप्पा हसले. बशीत चहा ओतत म्हणाले,
सावलीचं काय एवढं? सावली विकत भेटती.

अहवालात मी लिहिलं होतं :
मिशनचं मैदान. सपाट. विहिरीला मार्चपर्यंत पाणी.
गोलची जाळी नवी,
कादराबादच्या इर्शादनं मच्छीच्या जाळ्यातून विणलेली,
तो स्वतःच गोलकीपर, म्हणून गाठी घट्ट.
परतूर रोडवरची जागा. मैदान नाही.
चढ आहे, मुरूम आहे, बाभळी आहेत अकरा.
(मी मोजल्या. पूर्ण संघ.)
शेरा : अयोग्य.

वहीतून अहवाल बाहेर निघालाच नाही.
अप्पांनी नुसतं विचारलं, मग परतूर रोड धरायचा ना?
आठ हात वर गेले.
नवव्या हातात पेन होतं.
त्यानं लिहिलं, एकमताने,
आणि खाली सही केली, नेहमीसारखी, वळणदार.

पंधरा दिवसांनी टपालानं खोकं आलं.
पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत घड्याळ,
काळी तबकडी, बारीक सोनेरी काटे.
मी म्हटलं, परत करतो.
रूथ म्हणाली, कुणाला?

पुढच्या बैठकीत मी सहज पाहिलं :
नऊ मनगटं, काळ्या तबकड्या नऊ,
आणि सगळीकडं सहा वाजून दहा मिनिटं.
इतकं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.
कुणी कुणाला काही बोललं नाही.
कुणी काही दिलं, कुणी काही घेतलं,
असं मी म्हणत नाही. वहीत तर नाहीच.

स्पर्धा चार दिवस चालली. काट्यांनी तीन बॉल फुटले.
नंतर तिथवर डांबर आलं, खांब आले,
आणि जमिनीत चुन्याच्या रेघा पडल्या,
मैदानाच्या नव्हे, प्लॉटांच्या.

इर्शाद गेला त्याच पाकिटातल्या देशात,
सळई वाकवायला.
जालन्याचा हात, सळई काय नवी नव्हती त्याला.
एकदा त्याचा आवाज आला फोनवर, मागं यंत्रांची घरघर :
सर, घास असा हिरवा की बोलायचं काम नाही.
रोज पाणी पाजतेत त्याला, वरून थंडी हवा सोडतेत.
पण आत पाय टाकू देत नाहीत.
गोल मी लांबूनच बघतो. आपल्यापेक्षा उंच वाटतो,
पण मापात असंल ना, सर?
मी म्हटलं, मापातच असतो. सगळीकडं सारखा.

पुढं टीव्हीवर चौकशी, समित्या, संशय,
आरोप, इन्कार, पुन्हा आरोप.
आमच्याकडं यातलं काही झालं नाही.
आमच्यावर कुणाचा संशयसुद्धा नाही.
कुणी घ्यावा, एवढं आमचं मोल कुठं?

परवा इर्शाद आला. केस पिकलेले,
दोन बोटं सरळ होत नाहीत.
बूट काढून मिशनच्या मैदानात
गोलमध्ये जाऊन उभा राहिला. जाळी नव्हती.
पोरं त्याच्यावर बॉल मारत होती, तो पडत होता, उठत होता.
अंधार पडायला लागला तसा तिथूनच ओरडला,
सर, टाइम किती राहिला?

मी शाळेचे सगळे सामने याच घड्याळावर लावतो.
इतक्या वर्षांत ते मिनिटभरही चुकलेलं नाही.
बाही खाली ओढली
आणि शिट्टी तोंडात तशीच धरून
उभा राहिलो.