होळिगे

पहिल्या दिवशी हजेरीला गुरुसिद्ध नव्हता.
कुठंय विचारलं, तर पुढच्या बाकावरची नीलव्वा म्हणाली,
"होळिगे होग्यान, बाई."
भाद्रपदात कसली होळी?
मी वहीत लिहिलं : गैरहजर, सण.
वर्ग खदखदला.
तिनं खिडकीबाहेर बोट केलं
आणि मला होळी दिसली :
गढूळ, रुंद, भीमा आणि सीना एकीत मिसळलेल्या,
आणि मधोमध, गूळ कढवायच्या काहिलीत
उकिडवा बसून, दप्तर डोक्यावर धरून
येत असलेला गुरुसिद्ध.

मी आचऱ्याची.
पाणी मला कळतं असं वाटायचं.
आमच्याकडे भरती चंद्राची,
तिथी सांगितली की आजा सांगायचा
आज कुठल्या माडापर्यंत.
इथं चंद्राचं कुणी ऐकत नाही.
इथं फोन येतो, उजनीतून सोडलंय.
मग शरणप्पा अंबिगेर काठाशी एक तुराटी रोवतो,
एक बिडी संपेपर्यंत तिच्याकडे बघतो
आणि मोटारी वर ओढायला पोरांना हाक मारतो.
वैशाखात हीच नदी
खडकाखडकात तुकडे होऊन पडते,
बायका वाळूत वाटीनं खोदतात
आणि थांबतात.
इतकं थांबलेलं पाणी मी समुद्रावर पाहिलं नव्हतं.

वर संगमाच्या देवळात
तुळईवर मराठीतलं फार जुनं अक्षर.
रविवारी सोलापुरातून गाड्या येतात,
पुजारी बॅटरीचा झोत टाकून ओळ लावतो,
हजार वर्षं, म्हणतो, आपली भाषा.
लोक हात जोडतात, फोटो घेतात,
आणि तो तसाच मागं वळून
घरात ओरडतो, "चा माऽड!"
दगडाला यात काही वावगं वाटत नसावं.
त्यानं हे घर पहिल्यापासून ऐकलंय.

दाखल्याच्या फॉर्मात मातृभाषेचा रकाना.
मल्लव्वाला म्हटलं, काय लिहू?
"कागदाला चालंल ते लिवा.
पोरांशी कन्नड बोलते,
म्हशीशी मराठी.
म्हस सांगोल्याच्या बाजारातली हाय,
तिला आमचं कळत न्हाई."
रकाना बोटभर.
म्हशीला त्यात जागा नव्हती.

येळ अमावस्येला मला विचारलंच नाही,
सरळ गाडीत घातलं.
पोटरीतली ज्वारी, पायाखाली काळी भेग,
कडब्याची खोप आणि आत चुन्यानं पांढरे पाच दगड.
भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील.
सिद्धव्वा आजी वाढत राहिली,
मी "पुरे, पुरे" म्हणत राहिले,
ती वाढत राहिली.
शेवटी नीलव्वा कानाशी आली,
"साक म्हणा, बाई. साक."
म्हटलं.
सगळं शेत हसलं.
आजीनं आणखी एक उंडा ठेवला.

पाडव्याला मल्लव्वानं हातावर पुरणपोळी ठेवली,
म्हणाली, होळिगे.
मी नदीकडे बघितलं.

आता वरच्या अंगाला पूल होतोय, खांब आलेत.
काहिली गुळाकडे परत जातील.
शरणप्पा म्हणतो, बरंच झालं, गुडघे गेले;
पण खांबावर कुणी रंगानं आकडे घातलेत
पाणी मोजायला,
त्यांच्याकडे तो बघत नाही,
तुराटीच रोवतो.

काल केंद्रप्रमुख हजेरी तपासायला आले.
"बाई, हे काय, जूनमध्ये तीन पोरं होळीला?"
मी काही बोलले नाही,
पोरांनी एकदम खिडकीकडे बोट केलं.

रात्री आईचा फोन.
तिकडे वारा, मागं समुद्र ऐकू येत होता.
"गो, कधी येतलंस?"
बदलीचा अर्ज दोन वर्षं टेबलात आहे,
गावाचं नाव लिहायची जागा कोरी.
"बरतिनी," मी म्हटलं.
तिकडे नुसता समुद्र.
मग आई, जरा लांबून,
"कोण बोलतां गो ता?"