पाहुण्याच्या नावाचं दार

दिवस कलला की आईची डावी पापणी खाली येते,
निपाणीच्या वखारीचं पत्र्याचं शटर
सहाच्या भोंग्याला यायचं तशी:
अर्ध्यावर अडकून, मग एकदम.
"सांगितल्यालं ऐकंना झालाय डोळा," ती म्हणते,
जणू डोळा म्हणजे मी, वय वर्षं नऊ.

मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते.
फळ्यावर दोन पेशी काढते, मध्ये खडूच्या रुंदीची फट.
खरी फट एवढी कुठली!
केसाच्या जाडीचे दोन हजार भाग करा, त्यातला एक.
अलीकडं, मज्जातंतूच्या टोकाशी, इवल्या पिशव्या फुटतात,
रेणू फट ओलांडतात, पलीकडच्या ग्राहींत जाऊन बसतात,
आणि स्नायू आखडतो.
पापणी उचलायला एवढं सगळं लागतं.

मागच्या बाकावरची महादेवी विचारते,
"मॅडम, ग्राहीला नाव असतंय काय?"
असतं. स्नायूवरच्या ह्या दाराला निकोटिनिक म्हणतात.
शंभरेक वर्षांमागं कुणी तंबाखूचा अर्क लावून पाहिला,
तो बरोब्बर बसला.
घरचा रेणू कोण ते नंतर कळलं,
तोवर दाराला पाहुण्याचं नाव लागून गेलं होतं.
वर्ग हसतो.
निम्म्या वर्गाच्या आया वखारीतल्या.

आईनं एकतीस हंगाम जर्दा चाळला.
पहिल्या वर्षी चक्कर, ओकारी, भाकरी नको वाटायची.
दुसऱ्या वर्षी काही नाही.
एवढंच म्हणायची, "अंगानं वळख धरली."

बेळगावात डॉक्टर यलिगारांनी
रिपोर्टच्या पाठीमागं माझंच चित्र काढलं,
माझ्यापेक्षा वाईट.
निरोप निघतोय, म्हणाले, पोचतोयही,
पण रक्तातलेच पहारेकरी दारांवर बसलेत,
दारं मोडतायत.
"तंबाकिगू इदक्कू संबंध इल्ल."
मग मराठीत: तंबाखूचा काही संबंध नाही.
मी तिसऱ्यांदा विचारलं.
त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, हळू आवाजात.
बसमध्ये आई म्हणाली, "एवढं काय इचारायलीस?
कुणावर तरी ढकलायचंय व्हय?"

गोळी निरोप वाढवत नाही.
फटीत झाडू मारणारं एक विकर असतं,
रेणू बसला न बसला तोच त्याला तोडून टाकणारं.
गोळी त्याचा हात धरते. तीन-चार तास.
तेवढा वेळ निरोप दाराशी रेंगाळतो,
उरल्यासुरल्या दारांपैकी एखादं उघडतं.
तेवढ्यात आई तांदूळ निवडून घेते.

चौथीत असताना पुस्तकात आलं होतं,
अवसर म्हणजे सवड.
त्याच आठवड्यात वखारीत बसव्वा माझ्यावर ओरडली,
"अवसर! अवसर!"
आणि मी पोत्यावर मांडी घालून बसले.
तिच्या कानडीत अवसर म्हणजे घाई.
मुकादम आला, बायका हसून हसून खोकल्या,
आईनं मला दंडाला धरून उठवलं.
हे मी वर्गात सांगत नाही,
पण अॅड्रेनलिन शिकवताना दरवर्षी आठवतं:
रक्तात एकच शब्द सुटतो,
काळीज ऐकतं, पळ.
आतडं ऐकतं, बस जरा.
शब्दात काही नसतं.
ज्यानं त्यानं आपल्या दारानं ऐकायचं.

आज संध्याकाळी बसव्वा आली,
काठी टेकत, पिशवीत चार अंजिरं.
गोळीची वेळ टळून गेलेली.
आईनं आवाज ओळखला,
आणि तर्जनीनं पापणी वर उचलून धरली,
शटरखालून कुणी वाकून बघावं तशी.
मी पाण्याला उठले, गोळी शोधू लागले.
"इरली, अवसर इल्ल," बसव्वा म्हणाली.
घाई नाही, म्हणाली.
सवड नाही, हेही मला ऐकू आलं.
आई बोट न काढता
तिच्याकडं बघत राहिली.