मोठी चाकं पुढे

दिवसा मी दात करते.
हिरड्यांचे ठसे डब्यांतून येतात, नावाच्या चिठ्ठीसकट,
आणि संध्याकाळी कवळ्या होऊन जातात.
साडेआठनंतर शटर अर्धं खाली,
तीच बोटभर मोटर, तेच मेण, तोच दिवा,
आणि टेबलावर कुणाचं तरी लहानपण, तुटलेलं.

आवासकर आले ते चपलांचा खोका घेऊन.
आत कापूस. कापसात एक गाडी,
लांबुडकी, टोळासारखी, खरीच्या पंचविसावा भाग.
'एलायजामामांनी बोटीवरून आणली, एकाहत्तर साली.
मी अकरा वर्षांचा.
जोडायचा कागद कस्टमवाल्यानं ठेवून घेतला.
त्याला कशाला हवा होता, देव जाणे.'

मग जमेल तशी जोडलेली:
मोठी चाकं पुढे, सायकलसारखी बारीक मागे,
त्यातलंही एक हरवलेलं,
आणि शेपटीला हवं ते पॅराशूट
ड्रायव्हरच्या पाठीवर, दप्तरासारखं.

अशी गाडी वळत नाही. पाव मैल, सरळ,
सहा सेकंद, आणि मग ब्रेक पुरत नाहीत
म्हणून मागे छत्री उघडायची.
पाव मैल म्हणजे इथून भायखळ्याच्या चर्चपर्यंत, फार तर.
मध्ये दोन सिग्नल, एक खणलेला रस्ता
आणि एक हातगाडी, जी मी लॅब घेतली तेव्हापासून तिथेच आहे.

तिला तीन रात्री ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली
(हसू आलं, जिला ब्रेक पुरत नाहीत तिला).
वरचा लाल सुटला, खाली चंदेरी,
त्याच्या खाली तेलकट हिरवा,
खिडकीच्या गजांना देतात तो, घरचा, उरलेला.
पिवळे पडलेले आकडे काचेला चिकटवून
चार दिवस उन्हात ठेवले, शुभ्र झाले.
हरवलेल्या चाकासाठी जोडीदाराचा ठसा घेतला
त्याच लगद्यात, ज्यात माणसं जबडा दाबतात
आणि डोळ्यांत पाणी आणतात.
हाताशी गुलाबीच ॲक्रिलिक होतं.
वरून काळा हात दिला.
आजही नखानं खरवडलं तर खाली हिरडी लागेल.

डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडे
तसल्याच किटच्या कागदाची झेरॉक्स निघाली.
बाणांबरहुकूम, आकड्यांबरहुकूम
मी एकेक सांधा सोडवला, पन्नास वर्षांचा गोंद,
टाचणीच्या टोकानं. मोठी चाकं मागे नेली.
पॅराशूट शेपटीत. धुराडी आठ, आठही सरळ.
अडीच महिने.

आवासकरांनी चष्मा वर केला, गाडी फिरवून बघितली.
'सुरेख,' म्हणाले. 'कुणाची?'

त्या रात्री मोटर लावलीच नाही.
मला आठवलं, दोन वर्षांपूर्वी त्यांची कवळी मीच केली होती.
पुढच्या दोन दातांत फट हवी म्हणून
डॉक्टरांशी भांडले होते.
'सरळ दात नकोत. घरचे ओळखणार नाहीत.'
ती फट मी ठेवली, पाव मिलिमीटर,
आणि गाडीच्या वेळी विसरले.

दुसऱ्या दिवशी विचारलं, मोठी पुढे का लावलीत?
'गोदीत राहायचो आम्ही,' ते म्हणाले.
'टग पुढे असायची, जहाज मागे.
ओढणारा पुढेच असतो, हे काय कागदानं सांगायचं?'
आणि पॅराशूट?
'तो एकटाच बसला होता ना आत.'

पुन्हा कापली. आता गोंद लावलेला नाही कुठल्याच चाकाला,
नुसती बसवलीत, घट्ट, दातासारखी.
पाठीवरचं दप्तर मात्र मी पक्कं चिकटवलं.
खिडकीच्या रंगाचा डबा त्यांनीच आणला,
झाकण उघडेना म्हणून चमच्यानं उचकटलं,
तळाशी होता थोडा.