जीभ सैल झाली आहे

हॅमरफेस्टला नोव्हेंबरात सूर्य गेला तो गेलाच.
गुनवोर इसाक्सेनच्या स्वयंपाकघरात, टेबलावर
अकॉर्डियन उघडं पडलंय, चिरलेल्या कॉड माशासारखं.
चिरायचं कसं हे तिला ठाऊक आहे,
एकोणीस वर्षं कारखान्यात तेच करते ती.
शिवायचं कसं, ते नाही.

मधला एक सूर मुका झालाय.
तिने लिहिलं, अमक्याला असं नाही,
ज्याला कळतं त्याला:
"दाबलं की नुसता वारा येतो."

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मोंतेविदेओत,
रात्रीचा एक. ओविदिओ बेरुत्ती जागा आहे,
कारण शेवटची बस गेल्याशिवाय
त्याला सूर तपासता येत नाहीत.
दमट उकाडा, बनियन, मेणाचा वास.
नमस्कार नाही, नाव-गाव नाही.
"फोटो काळोखा आलाय. दिवसा काढून पाठवा."

"इथे जानेवारीच्या अखेरीपर्यंत दिवस नाही."

वाचून तो थोडा थांबला.
टेबलावरचा दिवा उगाचच विझवून पाहिला,
परत लावला.
"बरं. मग विजेरी तिरकी धरा."

त्याच्या भाषेत त्या पोलादी पट्टीला छोटी जीभ म्हणतात,
तिच्या भाषेत आवाज.
मधलं भाषांतराचं यंत्र बिचारं
दोन्हीकडची अब्रू सांभाळत धावत होतं.
पहाटे पाचला, कामाचे बूट चढवता चढवता, तिने वाचलं:
"बाई, तुमची जीभ सैल झाली आहे.
खाली तडकलंय. खरवडून घ्या."
ती इतकी हसली
की वरच्या खोलीतून कुणीतरी काठी आपटली.

मेणाचं प्रमाण त्याने हातचं न राखता सांगितलं.
त्याच्या वडिलांनी ते सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं:
चार भाग मधमाश्यांचं मेण, एक भाग राळ,
जवसाच्या तेलाचे दोन थेंब,
थंडी फार असेल तर तीन.
"तीन," ती म्हणाली.
राळ शाळेतल्या व्हायोलिनच्या बाईंनी दिली.
बुसानचा कुणी दंतवैद्य मध्येच डोकावला,
"आत बघायला दाताचा आरसा घ्या," एवढं बोलून गेला,
पुन्हा दिसला नाही.

मला या माणसांचं नवल वाटतं.
एकाच जिन्यात राहत असते
तर हवेबद्दल दोन शब्द बोलून दारं लावली असती.
इथे अर्ध्या बोटाएवढी पट्टी,
एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या,
आणि पट्टीपलीकडचं काही विचारायचं नाही,
ही रीत कुणी न ठरवता पाळलेली.
अकॉर्डियन कुणाचं, तिने सांगितलं नाही.
त्याचा उजवा हात थरथरतो,
म्हणून अलीकडे तो करण्यापेक्षा सांगतोच जास्त,
हेही कुठे आलं नाही.

एकदा मेण जळलं. एकदा पट्टी उलटी बसली.
एकदा तिने लिहिलं, "समुद्रात फेकून देते."
तो म्हणाला, "आधी पट्ट्या काढून ठेवा, चांगल्या आहेत."

अठ्ठावीस दिवसांनी तिने सूर पाठवला.
एकच, लांबवलेला.
त्याने पंखा बंद केला. डोळे मिटले.
सुराच्या शेपटाला, मागे कुठेतरी,
कुणी म्हातारं खोकलं,
आणि खोकता खोकता पुढचा सूर गुणगुणलं.

त्याने ते तीनदा ऐकलं.
खोकल्याबद्दल विचारलं नाही.
"केसभर उतरलाय," त्याने लिहिलं.
"राहू द्या. एवढं कोण ऐकतं?"

"तुम्ही ऐकलंत," उत्तर आलं.
यंत्राने या वेळी काही चूक केली नाही.